दोन रेघा आणि एक सूप: प्रकल्प नोंदी

१८ जानेवारी २०२५

एफनिर्सचं यंत्र आलं, डोक्यात अवरक्त प्रकाश सोडून मेंदूतल्या रक्तातला बदल मोजणारं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेने बारा आठवड्यांच्या बोलीवर उसनं दिलंय. सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेमुळे होम मैदानाकडचे रस्ते तुंबलेले, त्यामुळे स्टँडवरून कॉलेजात यायला रिक्षाला पाऊण तास लागला. खोकं मी मांडीवरच धरून बसले होते.

आत काळी कापडी टोपी, ८ प्रकाश-स्रोत, ८ डिटेक्टर आणि वायरींचा गुंता. आठातल्या एका डिटेक्टरला आठ फाटे आहेत. ते स्रोतांपासून जेमतेम ८ मिलिमीटरवर बसतात. पोरांनी विचारलं, इतक्या जवळ कशाला? म्हटलं, कळेल. खरं तर मलाही तेव्हा ते फक्त वाचून माहीत होतं.

प्रश्न आमच्या एका विद्यार्थिनीचा. तिची आई आणि अव्वा, म्हणजे आजी, दोघीही विड्या वळतात. अव्वाला तर पन्नास वर्षं झाली असतील. तिनं विचारलं होतं, "मॅडम, अव्वा बोलत बोलत, न बघता वळते. तिच्या डोक्यात तेव्हा काय चालतं ते दिसेल का?" एफनिर्सने दिसू शकेल, असं मी म्हणाले आणि अडकले.

२१ जानेवारी

आज सिद्धांताचा तास. कोरोनात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर टेबलावर ठेवला. बोटात ६६० आणि ९४० नॅनोमीटरचा प्रकाश सोडायचा आणि रक्ताने कुठला किती खाल्ला ते बघायचं. जपानच्या ताकुओ आओयागींनी नाडीच्या ठोक्यावरून हे मोजायची युक्ती १९७४ साली मांडली. आमचं यंत्र त्याचंच डोक्यावर चढलेलं भावंड. कवटीतून अवरक्त प्रकाश आरपार जातो आणि आतल्या रक्ताची खबर घेऊन येतो, हे ड्यूक विद्यापीठातल्या फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये दाखवलं.

साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटर ही शरीराची खिडकी. त्याअलीकडे रक्त प्रकाश गिळतं, पलीकडे पाणी. आपल्या यंत्रात ७६० आणि ८५०. ७६० वर ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनवाल्याच्या अडीच पटीहून जास्त प्रकाश शोषतं. ८५० वर उलटं, ऑक्सिजनवालं दीडपट जास्त. दोन मोजमापं, दोन अज्ञात राशी, म्हणजे शाळेतली दोन समीकरणंच.

भानगड एवढीच की प्रकाश डोक्यात सरळ जात नाही, धडपडत जातो. स्रोतापासून ३ सेंटिमीटरवर परत येणारा किरण आतून त्याच्या कितीतरी पट वाट तुडवून आलेला असतो. लंडनच्या डेल्पी आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये त्यासाठी समीकरणात एक गुणक घातला. मोठ्या माणसाच्या डोक्यासाठी तो ६ च्या आसपास धरतात, आणि वयाबरोबर तो वाढतो. आमच्या बायका पस्तिशीपासून साठीपर्यंतच्या. म्हणून ठरवलं: एका बाईचा आकडा दुसरीच्या आकड्याशी भिडवायचा नाही. प्रत्येकीची तुलना तिच्या स्वतःच्याच विश्रांतीशी.

आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात: मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथे गरजेपेक्षा जास्त ताजं रक्त धावतं. त्यामुळे ऑक्सिजनवाल्याची लाल रेघ चढते आणि ऑक्सिजन सोडलेल्याची निळी रेघ उतरते, कारण ते धुऊन निघतं. शिखर पाच-सहा सेकंद उशिरा. लाल चढली आणि निळी उतरली, दोन्ही झालं पाहिजे.

२५ जानेवारी

डिटेक्टर कोरे ठेवले तरी आकडे हलत होते. ढग आला की खाली, ऊन आलं की वर. खोलीची खिडकी नैऋत्येला. एकाने घरून दोन सोलापुरी चादरी आणल्या, गडद, दुहेरी विणीच्या. टांगल्यावर खोलीत अंधार झाला. आकडे तरी हलतच राहिले.

मग टीव्हीचा रिमोट घेतला. त्याचा प्रकाश अवरक्त असतो, डोळ्यांना दिसत नाही, पण मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात जांभळट टिपका दिसतो. रिमोटवर चादरीची एक घडी धरली. टिपका दिसला. डोळ्यांना काळा वाटणारा रंग अवरक्ताला काळा असेलच असं नाही. सुती कापडावरचे बरेच रंग तो बिनदिक्कत सोडून देतात. चादरीच्या आतून पुठ्ठा आणि स्वयंपाकघरातला चकाकता ॲल्युमिनियमचा कागद लावला. आकडे गप्प.

चादर काढली नाही. खोलीला तीच शोभा आहे.

३० जानेवारी

केस. या विषयाची निम्मी डोकेदुखी केसांतच आहे. काळे, दाट, तेल चोपडलेले केस प्रकाश मुळापाशीच अडवतात. परदेशी लेखांत हे एका ओळीत उरकलेलं असतं. इथे एका डोक्याला चाळीस मिनिटं लागली. विणकामाच्या सुईने एकेका भोकातून केस बाजूला सारायचे, टाळू पांढरी दिसली की जेलचा थेंब, मग स्रोत बसवायचा. जागा शिंप्याच्या टेपने मोजतो: एका कानापुढच्या खाचेपासून माथ्यावरून दुसऱ्या कानापर्यंत, त्या अंतराच्या २० टक्के माथ्यापासून डावीकडे आलं की उजवा हात हलवणारा मेंदूचा भाग, तेवढंच उजवीकडे गेलं की डाव्या हाताचा.

बसलं की नाही याची खूण म्हणजे नाडी. कच्च्या सिग्नलमध्ये सेकंदाला एखादा ठोका दोन्ही तरंगलांबींवर एकाच तालात दिसला पाहिजे. नाही दिसला तर तो चॅनेल, म्हणजे स्रोत-डिटेक्टरची ती जोडी, बाद. विद्यार्थिनी म्हणाली, "विड्यांत छाट काढतात ना कारखान्यात, तसंच." तेव्हापासून आमच्या वहीत बाद चॅनेलांच्या रकान्याचं नाव 'छाट'.

३ फेब्रुवारी

पहिलं पूर्ण मोजमाप, आमच्याच एका विद्यार्थ्यावर. उजव्या हाताची बोटं अंगठ्याला टेकवायची, २० सेकंद काम, २० सेकंद विश्रांती. कोड लिहिणारा स्क्रीनकडे बघत बसला आणि म्हणाला, "मॅडम, उलटं दिसलालंय."

खरंच उलटं. डाव्या बाजूला, जिथे हवं तिथेच, पण लाल खाली आणि निळी वर. त्याने लगेच तीन लेख काढले, ज्यांत असा उलटा प्रतिसाद नोंदवलाय, आणि आपल्याला काहीतरी वेगळं सापडलं असं त्याचं मत झालं. मी मान डोलावली नाही, पण खोडूनही काढता येईना. मेंदूत खरं उत्तर काय हे आपल्याला आधी माहीत नसतं, हीच तर अडचण.

म्हणजे जिथे उत्तर आधीच माहीत आहे अशी जागा शोधायला हवी.

५ फेब्रुवारी

ती जागा म्हणजे दंड.

माझी एक मैत्रीण भूलतज्ज्ञ आहे. ती रक्तदाबाचा पट्टा घेऊन आली, मी हात दिला. कोपराखाली एक स्रोत, ३ सेंटिमीटरवर डिटेक्टर. पट्टा ६० पर्यंत फुगवला. एवढ्या दाबात रोहिणीतून रक्त येत राहतं पण शिरांतून परत जाऊ शकत नाही. हातात रक्त साचतं, तेव्हा दोन्ही रेघा चढायला हव्यात. चढल्या. ठीक.

मग २०० च्या वर, दोन मिनिटं. आता रक्त ना आत ना बाहेर. स्नायू आहे तोच ऑक्सिजन खात बसतो. लाल उतरलीच पाहिजे, निळी चढलीच पाहिजे. इथे वादाला जागाच नाही. आमच्या पडद्यावर मात्र लाल दिमाखात चढत होती. मैत्रीण म्हणाली, "अगं, तुझा हात पांढरा पडलाय आणि यंत्र म्हणतंय ऑक्सिजन वाढतोय!"

दहा मिनिटांत चूक सापडली. फाइलमध्ये पहिला स्तंभ ८५० चा होता, आमच्या कोडने तो ७६० चा धरला होता. दोन तरंगलांबींची अदलाबदल झाली की गणित तक्रार करत नाही, नुसतं उलटं उत्तर देतं. गंमत म्हणजे ६० च्या दाबाची परीक्षा ही चूक पकडू शकत नव्हती, कारण दोन्ही रेघा एकाच दिशेला जात असतील तर अदलाबदलीनंतरही त्या बहुधा वरच राहतात. दुसरी परीक्षा केली नसती तर मी "ठीक" लिहून पुढे गेले असते.

दोन्ही आलेख छापून भिंतीवर लावले. पहिल्याखाली 'साचलेलं रक्त', दुसऱ्याखाली 'कोंडलेलं रक्त'.

१२ फेब्रुवारी

स्तंभ सरळ केल्यावर त्याच विद्यार्थ्याचा जुना डेटा पुन्हा चालवला. लाल वर, निळी खाली, डावीकडे. डाव्या हाताने केलं तर उजवीकडे. बाजू बदलते ही सगळ्यात मोठी खातरी: कातडीला काय ठाऊक, कुठला हात हलतोय.

मग आम्हीच ते घालवलं. डेटा स्वच्छ करायच्या नादात ०.०५ हर्ट्झच्या खालचं सगळं छाटून टाकलं आणि प्रतिसाद गायब. ४० सेकंदांचं एक आवर्तन म्हणजे ०.०२५ हर्ट्झ, आपलं काम नेमकं कचऱ्याच्या टोपलीत. आता चाळणी ०.०१ ते ०.२. वरची हद्द नाडीला आणि बऱ्याचशा श्वासाला बाहेर ठेवते.

उरते ०.१ हर्ट्झची लाट. रक्तदाब स्वतःच दर दहा सेकंदांनी हलकासा हेलकावे खातो, त्या मायर लहरी. त्या चाळता येत नाहीत, कारण प्रतिसादाच्या अंगालाच लागून असतात. शिवाय ४० सेकंदांच्या आवर्तनात चार लाटा नेमक्या बसतात, म्हणजे सरासरी काढली तरी त्या एकमेकींना खोडतीलच असं नाही. म्हणून विश्रांती आता २० ते ३५ सेकंदांत कमी-जास्त, दर वेळी वेगळी. कामाचा ताल मोडला की लहरीचा मेळ बसत नाही.

२२ फेब्रुवारी

पहिल्या अक्का आल्या, विद्यार्थिनीच्या शेजारच्या. नीतिसमितीची मंजुरी आहे, संमतिपत्र मराठीत आहे, पण त्यांना तेलुगूत वाचून दाखवलं. अर्ध्या दिवसाची मजुरी द्यायची हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. हजारावर मजुरी मोजणाऱ्या बाईचा तास फुकट मागायचा नसतो.

मी खुर्ची-टेबल मांडलं होतं. अक्कांनी बघितलं आणि हसल्या. "बाई, खुर्चीवर विडी वळत नाही." सूप मांडीवर लागतं, पाय पुढे पसरलेले लागतात. सतरंजी आली, सूप आलं, भिजवून कापलेली तेंदूची पानं आली. बोटं चालू झाली तशी मी स्टॉपवॉच दाबायचीच विसरले. डाव्या हातात पान, उजव्याने चिमूट, वळकटी, टोक मुडपलं, दोरा. मोजेपर्यंत दुसरी विडी सुरू.

दोन्ही हात कामात, म्हणजे बाजू बदलण्याची खातरी इथे मिळणार नाही. हे आधीच सुचायला हवं होतं.

२७ फेब्रुवारी

तीन अक्कांचा डेटा. हाताच्या भागात लाल वर. कपाळावर तर भरभरून वर, सगळीकडे. पोरं खूश. कपाळामागे लक्ष, नियोजन वगैरे चालतं असं पुस्तकात आहे, म्हणजे 'न बघता वळणाऱ्या' बायकाही आतून एकाग्र असतात, असं वाक्य एकाने अहवालात लिहूनसुद्धा टाकलं. चहा झाला. मीही फोटो काढला पडद्याचा.

४ मार्च

फोटो पुन्हा नीट बघितला. लाल वर, हो. पण निळीही वर. कपाळावरच्या सगळ्या चॅनेलांत, एकाच वेळी, एकाच आकारात.

भिंतीकडे बघितलं. 'साचलेलं रक्त'.

विडी वळताना मान खाली जाते. मान खाली गेली की डोक्याकडचं रक्त परतायला वेळ लावतं, दंडाला ६० चा पट्टा बांधावा तसं. एवढं साधं. आता त्या ८ मिलिमीटरच्या फाट्यांकडे वळलो. इतक्या कमी अंतरावरचा प्रकाश कवटीच्या आत पोहोचतच नाही, त्यामुळे त्यांना जे दिसतं ते निव्वळ कातडीतलं. कपाळाचे आखूड चॅनेल लांबवाल्यांची हुबेहूब नक्कल निघाले. एकावर एक ठेवले तर वेगळे ओळखू येत नव्हते.

हे नवं नाही. २०१२ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी एमआरआय जोडीला घेऊन दाखवलं होतं की काम चालू असताना कपाळावर दिसणारा चढ बराचसा कातडीतल्या शिरांचा असतो. मी तो लेख विद्यार्थ्यांना जानेवारीतच वाचायला दिला होता. स्वतः चहाच्या दिवशी विसरले.

अहवालातलं वाक्य ज्याने लिहिलं त्यानेच खोडलं. मी काही बोलले नाही.

१० मार्च

दोन उपाय. एक गणिताचा: आखूड चॅनेलांचा सिग्नल प्रारूपात वेगळा रकाना म्हणून घालायचा, म्हणजे कातडीने जे समजावता येतं ते कातडीच्या खात्यावर आणि उरलेलं कामाच्या. दुसरा प्रयोगाचा, आणि माझा भरवसा यावर जास्त: एक नवी पायरी. मान तशीच खाली, सूप मांडीवर, हात पानांवर ठेवलेले, पण वळायचं नाही. २० सेकंद.

अक्कांना हे फार विचित्र वाटलं. "हात सुपात आणि वळायचं नाही?" एकीची बोटं तरीही आपोआप पान चाचपत होती. तिचे ते भाग नोंदवून बाजूला ठेवले. खरं म्हणजे तेच सगळ्यात रंजक असतील.

१९ मार्च

रंगपंचमी. कोणी येणार नव्हतं, आलंही नाही. उद्यापरवा येणाऱ्यांच्या केसांत रंग असेल, म्हणून दोन भेटी पुढच्या आठवड्यावर ढकलल्या. चादरीची गोष्ट एकदा पुरे.

२४ मार्च

आज चघळण्याने छळलं. एका अक्कांच्या गालात सुपारी होती. कानशिलाचा स्नायू चावताना फुगतो, त्यावर बसलेला चॅनेल नाचतो, आणि रेघ इतकी देखणी चढते की मेंदूलाही लाजवेल. तोंड रिकामं करून पुन्हा घेतलं. दुसऱ्या अक्का वळताना गुणगुणतात. गुणगुणताना श्वास लांबतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड बदलतो आणि मेंदूतल्या सगळ्या रक्तवाहिन्या त्याला उत्तर देतात. गप्प बसून वळा म्हटलं तर त्यांचा वेग मंदावला, दोन विड्या बिघडल्या. मग गुणगुणू दिलं आणि विश्रांतीतही गुणगुणायला सांगितलं. दोन्हीकडे सारखंच असेल तर निदान वजाबाकीत बरंचसं जाईल.

झटक्यांचंही आहेच. दोरा तोडताना मान हलते आणि आलेखात खांब उभा राहतो. खांब आपोआप सपाट करणाऱ्या पद्धती आहेत. त्यातली एक चालवली तर लाल आणि निळी एकमेकींचं आरशातलं प्रतिबिंब झाल्या. कोडवाला हरखला. मी पद्धतीचं वर्णन वाचायला लावलं: ती गृहीतच धरते की दोन्ही रेघा उलट जातात, आणि तसं करून देते. ज्याची परीक्षा घ्यायची तेच तिला आधी सांगून ठेवल्यासारखं. काढून टाकली. खांब दिसतील तिथे तो भागच छाट.

२ एप्रिल

उन्हाने खोली भट्टी झालीय. पंखा लावला तर वायरी हलतात, नाही लावला तर कपाळावर घाम येऊन स्रोत सरकतात. सकाळी साडेसातला बोलावतो आता.

नऊ जणी झाल्या. आकडेमोडीत आणखी एक खड्डा होता. सेकंदाला दहा नमुने घेतो, पण शेजारचे नमुने एकमेकांचे नातेवाईक असतात. ते स्वतंत्र धरले की खातरी खोटी फुगते. यावर बार्कर, आराबी आणि हप्पर्ट यांची २०१३ ची पद्धत आहे, ती आधी हे नातं काढून टाकते आणि झटक्यांचं वजनही कमी करते. ती लावल्यावर आमचे निम्मे 'ठळक' चॅनेल फिके पडले. कोडवाला दिवसभर कोणाशी बोलला नाही.

उरलं ते असं. नुसती बोटं टेकवताना जवळजवळ सगळ्यांत हाताच्या भागात लाल वर, निळी खाली. विडी वळताना, नुसती मान खाली घालण्याचा हिशोब वजा केल्यावर, दोन्ही बाजूंना हाताच्या भागात तीच जोडी काहींमध्ये राहते, निळीची उतरण छोटी पण आहे. कपाळावर काहीही उरत नाही.

विद्यार्थिनीच्या अव्वाचं मोजमाप मात्र पूर्ण छाटमध्ये गेलं. केस विरळ, पांढरे, इतका स्वच्छ सिग्नल कोणाचाच नव्हता. पण त्या सगळा वेळ, कामात आणि विश्रांतीतही, वळतच राहिल्या. थांबा म्हटलं की मान डोलवायच्या आणि हात चालूच. विश्रांतीच नाही तर तुलना कशाशी? नात म्हणाली, "सांगितलं होतं मॅडम, ती थांबत नाही."

९ एप्रिल

टोपी कोमट पाण्यात धुतली. स्रोतांच्या टोकांतलं वाळलेलं जेल काडीने काढलं, त्यात नऊ जणींच्या खोबरेल तेलाचा वास अजून होता. डेटाच्या दोन प्रती, नावांऐवजी क्रमांक. खिडकीवरचा कागद-पुठ्ठा काढला. चादरी ज्याच्या त्याला परत.

उद्या पार्सल पुण्याला. खोक्याच्या आतल्या झाकणावर चिकटपट्टी लावून जाड पेनाने लिहिलं: पहिला स्तंभ ८५०, दुसरा ७६०. खाली दंडाचे दोन्ही आलेख चिकटवले.